नावाजलेली कादंबरी

अंजनगावच्या वाचनालयात मी पुस्तकं द्यायचो, तेव्हा बाजाराच्या दिवशी एक शेतकरीण बाई यायच्या. पिशवीत खाली भाजी, वर पुस्तक. पुस्तक आवडलं तर काही बोलायच्या नाहीत, नाही आवडलं तर टेबलावर पालथं ठेवून म्हणायच्या, "भाऊ, दुसरं द्या."

शेतकऱ्याच्या विधवेवरची, सगळ्यांनी डोक्यावर घेतलेली एक कादंबरी मीच त्यांना आग्रहानं दिली. तीही पालथी परत आली. त्याच आठवड्यात वाचनालयात त्या कादंबरीवर कार्यक्रम होता. पाहुणे प्राध्यापक तासभर भारावून बोलले. शेवटी त्यांनी विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?"

मागून त्या उठल्या. मी धास्तावलो.

"मले नाही आवडली. यातली बाई पहिल्या पानापासून रडूनच राहिली. मंग तिचं वावर कोन पाहते? आमचे मालक गेले त्या साली म्या दोन एकर कापसाची पराटी एकटीनं पिकवली. रडली बी, पन गवत निंदता निंदता."

बायकांच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. प्राध्यापक पुस्तक मिटून म्हणाले, "ताई, पुढे येऊन बोला."

पदर खोचून त्या पुढे गेल्या आणि अर्धा तास बोलल्या. प्राध्यापक लिहून घेत होते.