खंडेनवमीची कॉपी

सर्व संबंधितांस या जाहीर निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, गेल्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, खंडेनवमीच्या दिवशी, भर दुपारी, बेंगळूरच्या चामराजपेटेत, आमच्या घराच्या कोठीच्या खोलीत, तांदळाच्या डब्याच्या डाव्या हाताला असा एक प्रकार घडला, की त्याचा खुलासा आजतागायत एकाही इंजिनियरला करता आलेला नाही. आणि या गावात इंजिनियरांची काय कमी! इलेक्ट्रॉनिक सिटीच्या बसमध्ये तुमचा पाय कुणाच्या पायावर पडला, तर तो पाय इंजिनियरचाच असतो.

आधी माझ्याविषयी. भूत, भानामती, अंगात येणं, नजर लागणं... यातल्या कशावरही माझा विश्वास नाही. कधीच नव्हता. बाराच्या उन्हात चिंचेखाली उभं राहून शीळ घालणारा मी माणूस. आमचे पूर्वज तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून या गावात आले आणि बहुधा घोडा दमला म्हणून इथेच राहिले. तेव्हापासून आमच्या घराण्यात एकालाही भूत दिसल्याची नोंद नाही. दिसलं असतं तर आम्ही त्याला बसवून कॉफी पाजली असती.

माझा धंदा लग्नपत्रिकांचा. म्हणजे घरी बसून कॉम्प्युटरवर मराठी-कन्नड पत्रिका जुळवून द्यायच्या. त्यासाठी घरात दोन कॉम्प्युटर होते, एक माझा आणि एक माझ्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे अक्काचा. आणि तिसरा — इथे मी जरा छाती पुढे काढतो — सर्व्हर! जुन्या सुट्या भागांतून जुळवलेलं एक बिनपडद्याचं खोकं. ते कोठीच्या खोलीत चोवीस तास घुरघुरत बसायचं आणि आमच्या दोघांच्याही फाइली सांभाळायचं. भिंतीच्या कडेने काळी केबल फिरवली होती. झाडताना केरसुणी तिच्यात अडकली की सगळं बंद पडायचं आणि पुढच्या खोलीतून अक्काची आरोळी यायची, “सुध्या, तुझं जाळं तुटलं बघ रे!”

अक्का निवृत्त शाळामास्तरीण. वय बासष्ट. शाळा सुटल्यापासून तिने एकच वेड घेतलं होतं. आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांत जे शब्द फक्त बेंगळुरात बोलले जातात, ते गोळा करायचे. कॉटनपेट, बळेपेट, जिथे म्हणून मराठी घर असेल तिथे ती वही घेऊन जायची. म्हाताऱ्या बायकांशी गप्पा मारायची, शब्द टिपायची. कुणाच्या घरी ऐकला, कोण कुणाला काय म्हणत होतं, सगळं. सहा वर्षं! अकरा वह्या भरल्या. त्या सगळ्या तिने स्वतः टाइप केल्या आणि सर्व्हरवर ठेवल्या.

आता माझा गुन्हा. वह्यांना वाळवी लागायला लागली होती, तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हणालो, “अक्का, सगळं सर्व्हरवर आहे. कागद कशाला सांभाळतेस? दे रद्दीत.”

तिने दिल्या. माझ्यावर विश्वास ठेवून दिल्या. मी फ्लॉपीवर दुसरी प्रत काढणार होतो. उद्या काढणार होतो. तो ‘उद्या’ सात महिने चालला. त्याच दरम्यान अक्काच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, आहे ती नजर जपा. म्हणजे ते काम पुन्हा करणं आता तिला शक्यच नव्हतं.

आणि नवरात्राच्या तोंडावर सर्व्हरमधून आवाज यायला लागला... टक. टक-टक. टक.

मी व्यंकटेशअण्णांना बोलावलं. शिवाजीनगरला बस स्टँडच्या मागे त्यांचं रिपेअरचं छोटं दुकान. पन्नाशीचे, कपाळाला गंध, खिशात कायम दोन स्क्रू-ड्रायव्हर. मराठी आमच्याच घरी कॉफी पिता पिता शिकलेले. त्यांनी खोकं उघडलं, आत टॉर्च मारला आणि चिमट्याने दोन दाणे काढून माझ्या तळहातावर ठेवले.

“अक्षता, सार. मागच्या वर्षीच्या आयुधपूजेच्या. पंख्यात.”

अक्का दारातून म्हणाली, “मीच टाकल्या होत्या. भक्तीने टाकल्या होत्या.”

“भक्ती वरून टाकायची, अक्का. पंख्यात नाही.”

आम्ही हसलो. पंखा साफ झाला. खोकं सुरू केलं, आणि... टक. टक-टक.

अण्णांचं हसू गेलं. “डिस्क आहे, सार. वय झालं. नवी आणा.”

मी मोठी डिस्क आणली, जुनीच्या आठपट. अष्टमीच्या संध्याकाळी अण्णा आले. नव्या डिस्कवर सगळी यंत्रणा चढवली, शेजारी जुनी जोडली, माझ्या कॉम्प्युटरवर मला दोन्ही दाखवल्या. आता फक्त जुनीवरच्या फाइली नवीवर उतरवायच्या होत्या.

“ते परवा,” अण्णा म्हणाले. “उद्या आयुधपूजा. माझे स्क्रू-ड्रायव्हर देवापुढे जातात. उद्या मशीनला कुणीपण हात नाही लावत.”

मी हो म्हणालो आणि आंघोळीला गेलो. बाहेर आलो तेव्हा खोकं बंद करून, वर स्वच्छ फडकं घालून अण्णा निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. तुमच्याकडे असते की नाही माहीत नाही, पण आमच्या बेंगळुरात त्या दिवशी प्रत्येक यंत्राला देवपण येतं. रिक्षाला केळीचे खुंट, लेथ मशीनला हार, चाकाखाली लिंबं, रस्त्यावर कुंकू लावून फोडलेले कोहळे. बायको मुलांना घेऊन बेळगावला माहेरी गेली होती, त्यामुळे पूजेला मी आणि अक्का दोघंच. सर्व्हरला हळदकुंकू, शेवंतीची माळ. अक्षता या वेळी लांब, पायाशी.

दुपारी जेवून अक्का झोपली. मी पुढच्या खोलीत येरझाऱ्या घालत होतो. डोक्यात एकच, टक-टक. उद्यापर्यंत ती डिस्क टिकली नाही तर? मी अण्णांना घरी फोन लावला.

“अण्णा, आत्ता कॉपी करू का? फक्त बटण दाबायचं आहे.”

“इवत्तु यारू मुट्टल्ला, सार!” आज कुणी हात लावत नाही, म्हणजे. “उद्या सकाळी येतो ना मी. जेवण करा, झोप काढा.” आणि घाईघाईने फोन ठेवून दिला.

पण मी पडलो बुद्धिवादी! कोठीत गेलो, माळ जरा बाजूला सारली, बटण दाबलं आणि चोरासारखा माझ्या कॉम्प्युटरसमोर येऊन बसलो. पडद्यावर दोन्ही डिस्क दिसल्या. नवी, रिकामी. जुनी, काठोकाठ भरलेली. मी कॉपीचा हुकूम दिला.

फाइलींची नावं सरकू लागली. एक, दहा, शंभर. लग्नपत्रिका, नामकरणं, गृहप्रवेश... मी श्वास धरून बसलो होतो. पंधरा-वीस मिनिटांनी लक्षात आलं की कोठीतून टक-टक येत नाहीये. एकदाही आली नाही. मनात म्हटलं, वा, अक्षतांचाच दोष होता तर!

पाऊण तासाने शेवटची फाइल उतरली. एकही चूक दाखवली नाही. मी मशीन बंद करणार, तेवढ्यात मागून अक्काचा आवाज.

“आज मशीन लावलंस?”

“अक्का, ये. बस इथे.”

तिची फाइल नव्या डिस्कवरून उघडली आणि तिला मोठ्याने वाचून दाखवू लागलो. मी शब्द वाचायचा आणि तिने घर सांगायचं. अशी परीक्षा. तिने डोळे मिटून घेतले होते.

“हा बळेपेटेतल्या काकूंचा. पुढे?”

मी पुढचा वाचला.

“हा त्यांच्या सुनेचा. सासू-सुनेचं भांडण चाललं होतं, म्हणून मिळाला.”

असे आम्ही दोन तास बसलो. अष्टमीला सकाळी तिने घातलेली शेवटची नोंदसुद्धा जागेवर होती. ती वाचली तेव्हा अक्काने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, “स्वल्प कॉफी टाक आता.” मी म्हणालो, “सरी,” म्हणजे बरं. आणि मशीन बंद करून, माळ पुन्हा सरळ करून, कॉफी टाकली. इतकं हलकं मला सात महिन्यांत वाटलं नव्हतं.

इथपर्यंत अमानवीय काहीच नाही. हो ना? थांबा.

दसऱ्याच्या सकाळी अण्णा आले. नवा शर्ट, पण चेहरा उतरलेला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. आत येऊन त्यांनी चप्पल काढली, अक्काच्या पाया पडले आणि उभेच राहिले.

“अक्का, मला माफ करा. सत्तोगिदे. मेली.”

“कोण मेली?” अक्का दचकली.

अण्णांनी कागद सोडला. आत आमची जुनी डिस्क होती. वर मी स्वतः चिकटवलेली चिठ्ठी, माझ्या अक्षरात ‘जुनी’. तिच्या कपाळावर, म्हणजे कपाळ असतं तर तिथे, कुंकवाचा ठसठशीत टिळा. कडेला शेवंतीची एक पाकळी.

“ही... ही कुठली?” मी विचारलं.

“तुमचीच, सार. अष्टमीला तुम्ही आंघोळीला गेलात, तेव्हा आवाज फार वाढला. मला भीती वाटली. म्हटलं दोन दिवस मशीन कुणी लावणार नाही, तर दुकानात नेऊन माझ्या मशीनवर बघतो. सणाला अक्कांना घोर नको म्हणून सांगितलं नाही. त्याच रात्री लावून बघितली. फिरतच नाही. पूर्ण मेली.” त्यांनी मान खाली घातली. “मग पूजेत ठेवली. मेली तरी आयुध आहे ना.”

मी म्हणालो, “अण्णा, काल दुपारी मी तिच्यावरून सगळं कॉपी केलं.”

“कशावरून?”

“हिच्यावरून.”

आम्ही तिघंही कोठीत गेलो. अण्णांनी खोकं उघडलं. आत नवी डिस्क जागेवर होती. तिच्याशेजारी मोकळी जागा. चपटी केबल लोंबत होती, आणि तिचं टोक अण्णांनी जाताना रबर बँडने बांधून ठेवलं होतं. रबर बँड तसाच होता.

तेव्हापासून मी अनेक जाणकारांना विचारलं आहे. एक म्हणाला, मशीनच्या मेमरीत राहिलं असेल. त्या मशीनची मेमरी सोळा एमबी, आणि उतरलं पाचशेच्या आसपास! शिवाय मशीन मध्ये रात्रभर बंद होतं. दुसरा म्हणाला, अण्णांनीच आधी गुपचूप कॉपी केली असणार. अण्णांनी स्क्रू-ड्रायव्हरवर हात ठेवून शपथ घेतली, आणि फाइलींवर वेळ पडली आहे ती नवमीच्या दुपारची. तिसरा म्हणाला, तुम्ही काहीतरी विसरताय. तो मारतहळ्ळीहून खास दोन बस बदलून आला होता, म्हणून मी त्याला जेवायला घातलं, नाहीतर हाकललं असतं.

अण्णा मात्र एक गोष्ट सांगतात, आणि तीही खाली आवाजात. नवमीला दुपारी, मी फोन केला त्यानंतर, ते प्रसाद उचलायला दुकानात गेले. केळीच्या पानावर डिस्क होती. एकही वायर नाही. सहज हात लावला तर... “स्वल्प बिसि इत्तु, सार.” जराशी गरम होती. त्यांना वाटलं, कापराच्या आरतीची धग असेल. आरती सकाळी आठला झाली होती.

माझ्याकडे खुलासा नाही. मी अजूनही भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. फक्त आता अक्काच्या संग्रहाच्या तीन प्रती आहेत, दोन कागदावर आणि एक फ्लॉप्यांवर. आणि कुंकू लावलेली जुनी डिस्क देवघरात आहे, ती का, ते विचारू नका.

पण दसऱ्याच्या त्या सकाळचं सांगायचं राहिलं. उघड्या खोक्याभोवती आम्ही तिघं उभे. अण्णा रबर बँडकडे बघताहेत, मी डिस्ककडे बघतोय. आणि अक्का? अक्का माझ्याकडे बघत होती. मग कमरेवर हात ठेवून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा शाळेतल्या आवाजात ती म्हणाली,

“बघ सुध्या, मेलेल्या डिस्कलासुद्धा कळतं की आधी कॉपी द्यायची आणि मग जायचं... आणि तू माझ्या अकरा वह्या तशाच रद्दीत घातल्यास!”