काकूंना पत्र

मी शिकलो तो आमच्या बोर्डिंगमध्ये स्वयंपाक करणाऱ्या काकूंमुळे. आठवीत मी ट्रंक भरून कायमचा घरी निघालो होतो. "आधी जेव, मग जा," त्या म्हणाल्या. मी जेवलो आणि राहिलो.

परवा मेक्सिकोत माया लोकांच्या प्राचीन नगराचे अवशेष पाहायला गेलो. गाइड त्याच लोकांपैकी होता. दगडांवर कोरलेली राजांची नावं त्याने भराभर वाचून दाखवली आणि दुपारी आम्हाला शेजारच्या गावात, आपल्या घरी जेवायला नेलं. चुलीपुढे एक बाई मक्याची भाकरी थापत होत्या.

"ही माझी आई, मारिया. राजांची नावं विसरलात तरी चालेल, हिचं विसरलात तर भाकरी मिळणार नाही!"

सगळे हसले. आईने त्याला पीठभरल्या हाताने चापट मारली.

माझा घास मात्र हातातच राहिला. नात्याने हाक मारली की नाव विचारायचं राहूनच जातं, आणि आपल्याला तो आदर वाटतो.

काकू अजून बोर्डिंगातच आहेत. संध्याकाळी त्यांना लिहिलं: "तीर्थरूप काकूंना साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. पाच वर्षं तुमच्या हातचं जेवलो. आता विचारायला लाज वाटते, पण काकू, तुमचं नाव काय?"