घरात न वाजलेलं वळण

दुपारची भाकरी खाऊन अंजनी भिंतीला टेकते. आबांची किंगरी, ते गजाने वाजवायचं चिमुकलं तंतुवाद्य, मांडीवरच राहते. डोळा लागतो न लागतो, तोच उंबऱ्यापाशी आबा उभे. तिचे वडील, भीमनाथ गोसावी. जन्मभर दारोदार वाजवत हिंडले, पण आसपासच्या गावांपलीकडे कुणाला नाव ठाऊक नाही. गेल्या साली वारले. होते तसेच आहेत, मरणाने एक खोकला तेवढा बरा केलाय.

“कोण वाजवत हुतं गं?”

“मीच की. सगळी चाल बसली, आबा. शेवटचं वळण तेवढं येत न्हाई.”

“कसं येईल? तू ऐकलंच न्हाईस.”

खरंच आहे ते. आपल्या घरात चाल पुरी करायची नाही, असा या गोसाव्यांचा रिवाज. पुरी केली की फिरणं संपलं. गावोगावच्या बायाबापड्यांनी ऐकलेलं वळण पोटच्या पोरीलाच माहीत नाही, आणि आता ते वाजवणारं कुणी उरलं नाही. अंजनीला याचा रागही येतो आणि रडूही.

“म्हातारपणी हे काय खूळ, म्हणून लोक हसत्यात मला.”

“मलाबी हसायचे. हसत हसत पीठ वाढायचे.”

दोघं चालू लागतात. परड्यातून बाहेर पडावं तर एसटी स्टँड, आणि फलाटावर गुडघाभर ज्वारी डोलतेय. ज्वारी सरते तिथे पुन्हा तिचंच घर. आबा दारात अनोळखी माणसासारखे थांबतात, किंगरी छातीशी धरतात.

“आबा, आपलंच घर हाय हे.”

“तुझं हाय, बाय. मेलेल्याचं कसलं घर? मला आता समदी दारं परकीच.”

गज फिरतो. चाल चढते, नेहमीच्या जागी थांबत नाही, अलगद उतरते आणि मिटते. एवढंसंच तर वळण! रिकाम्या हाती कसं पाठवायचं, म्हणून अंजनी डब्यातून पसाभर पीठ काढून झोळीत घालते.

“सुखी ऱ्हा, माय,” आबा म्हणतात, परक्या बाईला म्हणावं तसं.

ती जागी होते. घरात कुणी नाही. दोन्ही तळवे पिठाने पांढरे आहेत.

ते न पुसताच ती किंगरी उचलते आणि शेजारच्या तानूच्या दारात जाऊन उभी राहते.

“हस पायजे तर, तानू,” ती म्हणते, “पर शेवटपतूर ऐक.”