तांब्यावरची पाठ

इस्पितळात ती सगळ्यांची मावशी. बायकांच्या वॉर्डात आया म्हणून तिची हयात गेली. आजाऱ्यांना आंघोळ घालायची, कूस बदलायची, पाठ पुसायची. माणसाच्या अंगाची तिला ना किळस होती, ना अप्रूप. स्वतःच्या अंगाकडे मात्र तिने कधी धड पाहिलं नव्हतं. आरसा तिला भांगापुरता.

निवृत्तीनंतर वरच्या मजल्यावरच्या चित्रकर्तीने तिला चित्रासाठी बसायला बोलावलं. अंगावर कपडे नसतील, हेही आडपडदा न ठेवता सांगितलं. या पिकल्या पानात काय बघायचंय, म्हणून मावशी हसली. पण जन्मभर दुसऱ्यांना ‘लाजू नका’ म्हणत आलेली बाई स्वतः कशी लाजणार? ती गेली. धाकट्या बहिणीच्या कानावर गेलं, तेव्हा म्हातारपणी हे कसले थेर म्हणून तिने बोलणंच टाकलं.

मावशी स्टुलावर पाठमोरी बसायची. मागे मेण चढवलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्रकर्तीची सुई खरखरत असायची. पत्रा तळहाताहून जरासाच मोठा. पुढे तो तेजाबात बुडवला. मेण खरवडलं होतं तिथे तेजाबाने तांबं खाल्लं. त्या चरांत शाई भरून, वर ओला कागद अंथरून चित्रकर्तीने प्रेसचं चाक फिरवलं आणि कागद चिमटीने हलकेच उचलला.

मोजक्याच रेषा. मान, खांद्याचा उतार, कणा, स्टुलावर टेकलेला भार. चेहरा नाहीच. मधे सगळा कोरा कागद, तरी तो डोंगरासारखा जड. मावशी कागदावर वाकली.

“एवढी मोठी आहे मी?” तिने हळूच विचारलं.

चित्रकर्तीने कागद उजेडाकडे धरला.

चित्रकर्तीच्या प्रदर्शनात बहीण आली ती चार शब्द सुनावायलाच. पण चित्रापुढे तिचे पाय खिळले. तिने मावशीचा हात धरला.

“ताई, आईला आंघोळ घालायचो, तेव्हा ती अशीच बसायची गं.”

आईची पाठ दोघींनी मिळून चोळली होती. आपण तीच पाठ घेऊन हिंडतोय, हे मावशीच्या ध्यानीमनी नव्हतं.

बहिणीने एक प्रत मागून घेतली आणि बैठकीच्या खोलीत लावली. कुणी पाहुणा नाक मुरडायला लागला, की ती ठणकावते, “आमच्या घरातली आहे ती.” मावशी तिथे गेली, की वडीलधाऱ्यांपुढे बसावं तशी पदर सावरून चित्रासमोर बसते.