यमुनाबाईचं ‘व्हय म्हाराजा’

सोमवारी यमुनाबाई आमच्याकडे येत नसे. आमच्या घरी सोमवारी मासे शिजत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. बाकीचे दिवस बाजार उरकला की उरलेली टोपली घेऊन ती मागच्या दारी यायची, पायरीवर बसून तांब्याभर पाणी प्यायची आणि मग माशांचं बोलायची. नवऱ्याचे पाय गेले होते, तो ओट्यावर बसून जाळी विणायचा. मुलगा लवू मुंबईला गिरणीत. लवूची मुलगी नर्मदा मात्र आजीजवळ राहायची आणि गावच्या शाळेत चौथीत होती. यमुनाबाईला स्वतःला अक्षर येत नव्हतं. नर्मदेनं सातवी पास व्हावं आणि मास्तरीण व्हावं, एवढं एकच तिनं देवाकडे मागितलं होतं.

महाराष्ट्र वेगळा झाल्यानंतरची आमच्या नगरपालिकेची ती पहिली निवडणूक. गाव लहान, बंदर लहान, पण नगरपालिका जुनी. आमच्या वॉर्डात दोघं उभे होते. एक दाजी, मिठाचे आणि सोलांचे व्यापारी. दुसरे भिकाजी मास्तर, निवृत्त शिक्षक. दोघंही बरी माणसं. त्यामुळेच सगळं कठीण झालं.

दाजींची सभा रवळनाथाच्या देवळासमोर झाली. त्या काळी मासळी बाजारात बसायचं तर रोजची बाजारपट्टी भरावी लागे. दाजी म्हणाले, “जमीन देवाची, मासो दर्याचो, आणि पावती नगरपालिकेची? खंयचो न्याय ह्यो? मी निवडून इलंय तर पट्टी बंद. शाळा सरकारान चालवची. आपण दिवे, रस्ते, विहिरी बघुया.”

बायका खूश होऊन हसल्या. मग दाजींनी नारळ पुढे ठेवला आणि देवळाचे मानकरी गणपत गाऱ्हाणं घालायला, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवाला मागणं सांगायला, उभे राहिले. आमच्याकडे देवासमोरचं गाऱ्हाणं कुणी नीट ऐकत नाही. सांगणारा थांबला की सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, एवढंच.

“बा रवळनाथा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां हयसर जमली आसत.”

“व्हय म्हाराजा.”

“दाजींच्या मनात बाजारपट्टी बंद करूची आसा.”

“व्हय म्हाराजा.”

“तर ह्या समस्तांनी आपलां मत तेंका देवचां, आणि तू तेंका येश देवचां.”

“व्हय म्हाराजा.”

यमुनाबाईनंही हात जोडून, डोळे मिटून म्हटलं. तिचं मन तेव्हा घरी चुलीवर ठेवलेल्या पेजेत होतं, असं तिनं मला नंतर सांगितलं.

चार दिवसांनी भिकाजी मास्तरांची सभा शाळेच्या पडवीत झाली. मास्तर मतं मागायला आले आहेत असं वाटेना, धडा द्यायला आले आहेत असंच वाटत होतं. “चौथीपर्यंतच्या शिक्षकांचा पगार सरकार देतं,” ते म्हणाले. “पाचवी ते सातवीचा खर्च नगरपालिका करते आणि तो बाजारपट्टीतून निघतो. घरपट्टी दिव्यांना आणि झाडूवाल्यांनाच पुरत नाही. पट्टी गेली तर पाचवी जाईल. मला दुसरी वाट दिसत नाही. कुणाला दिसत असेल तर सांगा, मी तीच धरीन.”

गणपत नारळ घेऊन पुढे आले, तर मास्तरांनी हात वर केला. “गाऱ्हाणं नको. देवाला मतं मागायला लावू नका. घरी जाऊन विचार करा.”

नारळ न ठेवता सभा संपली. असं आमच्याकडे होत नाही. माणसं चपला शोधत उठली.

दुसऱ्या दिवशी यमुनाबाई पायरीवर बसली ती टोपलीवरचं फडकं न काढताच.

“वयनी, मास्तर खोटां सांगणत नाय.”

“नाय.”

“मगे आमच्या नर्मदेची पाचवी?”

“तर मत मास्तरांक दी.”

“कसां देऊ? देवासमोर व्हय म्हटलंय.”

“काय म्हटलंस, तां ऐकलं तरी होतंस?”

“ऐकूक नाय. पण म्हटलंय मां.”

ती गणपतांकडे गेली. देवाला दिलेला शब्द सोडवता येतो, पण एकट्यानं नाही, असं ते म्हणाले. जितक्यांनी व्हय म्हटलं तितक्यांनी यायचं, नारळ ठेवायचा आणि नवं गाऱ्हाणं घालायचं. तेव्हा यमुनाबाईनं बाजारातल्या बायकांना गळ घातली.

काशीबाई म्हणाली, “तुझी नात मास्तरीण होतली, आणि पट्टी आमी भरूची? बरां आसा गो तुझां. उद्या तीच आमच्या चेडवांका छडी मारतली.”

बायका हसल्या. शेवंती तेवढी हसली नाही. “माझ्या चेडवान तिसरीतच शाळा सोडल्यान,” ती म्हणाली. “माका पाचवी सांगू नको.”

देवळाकडे कुणी आलं नाही. आणि त्यांना बोल तरी कसा लावायचा? पाऊसपाण्यात बसून पट्टी त्याच भरत होत्या.

मतदानाच्या दिवशी यमुनाबाई रिकाम्या हातानं आली. बोटाला शाई होती. पाणी पिऊन झाल्यावर तीच म्हणाली, “दाजीक दिलंय.” मग तिनं तांब्या पालथा घातला. “नर्मदेक सांगूक नाय.”

दाजी निवडून आले, आणि त्यांनी शब्द पाळला हे सांगायलाच हवं. नगरपालिकेच्या सभेत भांडून पट्टी बंद केली. शाळेसाठीही ते धडपडले. रत्नागिरीला जाऊन शिक्षणखात्याच्या साहेबांना भेटले, अर्ज दिले, आणि परत आले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पाचवीच्या खोलीला कुलूप होतं. पुढं शिकायचं तर मालवणला राहायला हवं. तिथं नर्मदेला कुणाकडे ठेवणार?

त्यानंतर एकदा बाजारात मी पाहिलं. पट्टी घेणारा शिपाई बाबू सहज मासे बघत चालला होता. यमुनाबाईनं कनवटीचं नाणं काढून त्याच्यापुढे धरलं.

“आजये, पट्टी बंद झाली मां.”

“शाळेच्या नावान घी.”

“शाळेच्या नावान माका घेवक येणां नाय. पावती खंयची फाडू?”

“पावती नको माका.”

तो ओशाळून पुढे गेला. काशीबाई काहीतरी बोलणार होती, पण नर्मदेकडे बघून गप्प राहिली. नर्मदा आजीच्या शेजारी बसून टोपलीतल्या बांगड्यांवरच्या माश्या वारत होती.

नारळी पौर्णिमेला बंदरावर गाऱ्हाणं झालं. गणपतांनी दर्याला हाक घातली. होड्या मागितल्या, मासळी मागितली, गेलेली माणसं परत घरी येऊ देत म्हणून मागितलं. प्रत्येक वेळी सगळ्यांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. माझ्या पुढं उभी असलेली यमुनाबाई गप्प होती. तिचे डोळे उघडे होते आणि शब्द न् शब्द ऐकायला मान थोडी पुढं झुकलेली होती. शेवटचं वाक्य झालं, लोक ओरडून मोकळे झाले, नारळ पाण्यात पडला. मग तिनं एकटीनं, बारीक आवाजात म्हटलं, “व्हय म्हाराजा.”

नर्मदेनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग दोघी टोपल्या उचलून बाजाराकडे गेल्या.