शुक्रवारचा डबा

त्या दिवसांत मी देवीशी बोलणं टाकलं होतं. भांडण असं काही नव्हतं. भांडायलाही अंगात जीव लागतो, तो उरला नव्हता. साखरखेर्ड्याला माझी पिठाची गिरणी आहे. दिवसभर त्या घरघरीत राहून माझा आवाज मोठा झाला, कान मंद झाले, आणि डोकं पहिल्यापासूनच लवकर तापणारं. गिरणीचं बटण दाबण्याआधी चिखलीच्या रेणुकामातेच्या तसबिरीला उदबत्ती ओवाळायची, ही वडिलांपासूनची रीत. उदबत्ती मी लावत होतो, पण मागत काहीच नव्हतो. मागून मागून तोंड दुखलं होतं.

कारण होतं आमचा प्रमोद. एकुलता एक. अमरावतीला शिकायला होता, तिथं त्याला कोणी नसताना आवाज ऐकू यायला लागले. आम्ही आधी बाहेरचं समजलो, अंगारे-धुपारे केले, मग बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की याला स्किझोफ्रेनिया म्हणतात, आजार आहे, गोळ्या घ्याव्या लागतील. गोळ्यांनी पुष्कळ फरक पडला, खोटं कशाला बोलू. झोप लागायला लागली, रस्त्यानं पळत सुटणं थांबलं. पण एक आवाज काही गेला नाही. तो त्याला सांगायचा की आईच्या हातचं खाऊ नको, त्यात विष आहे.

झालं. पोरगा घरचं अन्न तोंडात घालेना. बंद पुड्यातली बिस्किटं, स्वतः सोललेली केळी, कधी बसस्टँडवरचे भजे. त्याची आई रोज ताट वाढून दाराशी ठेवायची आणि रोज ते ताट जसंच्या तसं परत यायचं.  ताट उचलायची, झाकायची, पदरानं डोळे पुसायची आणि पुन्हा संध्याकाळच्या स्वयंपाकाला लागायची. त्या माउलीकडे पाहवत नव्हतं. मग माझं डोकं फिरायचं आणि मी गिरणीतल्यासारखा ओरडायचो, "कोणी बोलत नाही बे! मले काऊन नाही येत ऐकू?" प्रमोद शांतपणे म्हणायचा, "तुमाले गिरणीपुढं काय ऐकू येते, बाबा?"  

डॉक्टरांनीच मग शुक्रवारच्या गटाचं सुचवलं. बुलढाण्याला एका खोलीत याच आजाराची काही माणसं गोल करून बसतात, त्यांच्या घरचे भिंतीशी बसतात, आणि एक मॅडम त्यांच्याकडून सराव करून घेतात. सराव म्हणजे काय, तर गप बसायचं. श्वास येतो-जातो तो पाहायचा. पंख्याचा आवाज ऐकायचा, बाहेरच्या गाडीचा ऐकायचा. आणि डोक्यातला आवाज आला तर त्याच्याशी भांडायचं नाही, त्याचं ऐकायचंही नाही. 'आला' म्हणायचं आणि परत श्वासाकडे यायचं. मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं की गोळ्या सोडायच्या नाहीत, हे त्यांच्या जोडीला आहे. मी मनात म्हटलं, आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी! पोरगा जेवत नाही आणि हे त्याला नाकातली हवा पाहायला लावतात.

पण प्रमोद जायला लागला. कोणी न सांगता शुक्रवारी भांग पाडायचा, स्वच्छ शर्ट घालायचा. म्हणून आम्ही तिघं जात राहिलो. चिखलीला गाडी बदलायची, पुढं बुलढाणा. खरं सांगतो, त्या भिंतीशी मला झोप लागायची. घरी लागत नव्हती ती तिथं लागायची. प्रमोदच्या शेजारी शमीम आपा बसायच्या. बुलढाण्यातच शिवणकाम करतात, कित्येक वर्षांपासून हाच आजार. एकदा मी त्यांना विचारलं, आवाज गेले का तुमचे? त्या हसून म्हणाल्या, "कुठं जातेत भाऊ, राह्यले तिथंच. लय बडबडतेत. मी म्हणतो, तुमी बोलत ऱ्हा, मले बाही लावाची हाय." मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. म्हणजे हे जाणारच नाही की काय, असं मनात आलं.

त्यानंतरच्या शुक्रवारची गोष्ट सांगायची आहे. त्या आठवड्यात डॉक्टरांनी प्रमोदचे खांदे, मनगटं चाचपून सांगितलं होतं की असंच उपाशी राहिला तर दवाखान्यात ठेवून नळीनं अन्न द्यावं लागेल. त्याच्या आईनं हाय खाल्ली. पोराला बरं वाटावं म्हणून ती शुक्रवारचा निरंकार उपास धरायचीच, दिवस मावळेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. त्यात आता देवीला पुरणपोळीचा नैवेद्य बोलली. चिखलीला उतरून ती पोळ्यांचा डबा घेऊन देवीच्या देवळात गेली. प्रमोद आणि मी बाहेर बसलो. आत जायला मला पाय उचलवेना. मी तिथूनच मनात देवीला म्हणालो, बाई, माझ्यानं आता होत नाही. तुला काय करायचं ते कर. यात भक्ती-बिक्ती काही नव्हती. दमलेला माणूस पोतं खाली ठेवतो, तसं मी ते ठेवून दिलं. बायको बाहेर आली, उरलेला प्रसाद डब्यात होता, आणि आम्ही पुढची गाडी धरली.

खोलीत त्या दिवशी मॅडमनी वेगळाच सराव काढला. एक घास सावकाश खायचा. हातात घ्यायचा, पाहायचा, वास घ्यायचा, मनात काय काय येतं ते पाहायचं, मगच तोंडात टाकायचा. त्यासाठी त्यांनी शेंगदाणे आणले होते. पुडी सोडणार तेवढ्यात शमीम आपांनी आमच्या बाजूला मान वळवली. "भाभी, डब्यात काय हाय वं? मस्त वास येऊन राह्यला." प्रमोदची आई लाजली. देवीचा प्रसाद आहे म्हणाली. मॅडमनी विचारलं, मग आज हाच घास घेऊ या का सगळ्यांनी?  मी नाही म्हणणार होतो. पण तोवर तिनं डबा उघडला होता, आणि पोळीचे तुकडे हातोहात फिरले. प्रमोदच्याही हातावर एक आला.

सगळ्यांनी तुकडे नाकाशी धरले. प्रमोद तुकड्याकडे पाहत राहिला.  मॅडम हळूच म्हणाल्या, "खायलाच पाहिजे असं काही नाही, प्रमोद. मनात काय येतं तेवढं सांग."  प्रमोद खाली पाहतच म्हणाला, "तो म्हणते, आई सोता कधीच नाही खात. रांधते अन् चाखत नाही. आमी जेवतो तं ती उभी राहून पाहाते. चांगलं असतं तं तिनं खाल्लं नसतं काय?"

 ते खरं होतं. आमच्या घरी नैवेद्य दाखवायच्या आधी जिभेला काही लावायचं नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून ती मीठसुद्धा अंदाजानंच घालते. नैवेद्य झाला की आधी आम्ही जेवायचं. ती सगळ्यांच्या मागून, चूल आवरून, एकटी, जे उरेल ते. शुक्रवारी तर तेही नाही. तिची सगळी भक्ती, सगळी माया त्या न खाण्यात होती. आणि पोराच्या आजारानं नेमकं तेच उचललं होतं. कोणाला वाटलं असतं? मला तर जन्मात सुचलं नसतं.

"अरे बापा," ती रडत म्हणाली, "देवाच्या आधी कशी चाखू रे मी?" शमीम आपांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "भाभी, देवीचं तं झालं ना आता. मंग खा ना." तिनं माझ्याकडे पाहिलं. मला कळलं ती काय विचारते आहे. उपास ह्याच पोरासाठी होता. तो मोडला आणि काही कमीजास्त झालं तर? जन्मभर स्वतःला खात बसली असती. मलाही भीती वाटली, अगदी स्पष्ट सांगतो. आणि त्या भीतीतच माझ्या लक्षात आलं की तिच्या हातातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत घसरताहेत. पोराची हाडं मी रोज मोजत होतो, आणि हिच्याकडे माझं कधी पाहणंच झालं नव्हतं. मी म्हणालो, "खाय वं. देवीचं देवीले समजते." आयुष्यात पहिल्यांदा मी इतक्या हळू बोललो असेन.

तिनं प्रमोदच्या हातातल्याच तुकड्यातून चिमूटभर मोडला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. त्याच्या डोळ्यांत पाहत चावला. गिळला. सकाळपासूनची, खरं तर कधीपासूनची उपाशी बाई ती. एकदा पोळीची चव लागली आणि तिचा हात आपोआप डब्याकडे गेला. दुसरा घास तिनं भुकेनं खाल्ला. प्रमोद ते पाहत होता. मग तो पुटपुटला, "आला. बोलून राह्यला तो." मॅडम म्हणाल्या, "बोलू दे." त्यानं तुकडा हुंगला, डोळे मिटले आणि तोंडात टाकला. किती वेळ चावत होता कोणास ठाऊक. मग डोळे उघडून आईला म्हणाला, "गूळ कमी पडला वं, आई." ती रडता रडता हसली. मी उठून बाहेर व्हरांड्यात गेलो आणि पोरासारखा रडलो.

प्रमोद बरा झाला असं मी म्हणणार नाही. आवाज येतात. गोळ्या चालू आहेत, शुक्रवार चालू आहे. एखाद्या दिवशी ताट आजही तसंच परत येतं, तेव्हा आम्ही जबरदस्ती करत नाही, मीही ओरडत नाही. पण नैवेद्य झाला की आता त्याची आई सगळ्यांच्या आधी पाटावर बसते, पोरासमोर पहिला घास खाते, आणि पोटभर जेवते. दवाखान्यातल्या नळीची गरज पडली नाही. लोक विचारतात, हा देवीचा चमत्कार की मॅडमच्या सरावाचा? मला वाद घालायचा नाही. मी थकून हात सोडले त्याच दिवशी हे झालं, एवढंच मला माहीत आहे. आपण देवाकडे मागतो तेव्हा काय द्यायचं, कसं द्यायचं तेही आपणच ठरवून जातो. मी इतकी वर्षं देवीच्या दारात एकच मागत होतो की माझ्या लेकराला जेवू घाल. तिनं आधी माझ्या बायकोला जेवू घातलं.