आईच्या पसंतीच्या लाद्या

नव्या फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायला मिस्त्रीने काल ॲसिड ओतलं. त्या उग्र वासासरशी मला चाळीस वर्षांपूर्वीचं सुरतचं, पांडेसऱ्यातलं आमचं घर आठवलं.

आईने स्वतः दुकानात जाऊन पांढऱ्या लाद्या पसंत केल्या होत्या. "मला न विचारता?" असं ओरडत वडिलांनी हातोड्याने चार लाद्या फोडल्या. एक कपची उडून आईच्या कपाळात घुसली. तरी त्यांनी तिच्यावरच हातोडा उगारला. तिने कोपऱ्यातली ॲसिडची बाटली उचलली.

"ये पुढे," ती म्हणाली. नवऱ्याला तिने प्रथमच एकेरी हाक मारली होती. "तोंडावर ओतते की नाही, बघ."

वडिलांनी हातोडा खाली टाकला. नंतर त्यांनी कधीच तिच्यावर हात उचलला नाही. मी मात्र कित्येक दिवस आईलाच घाबरत होते. तेव्हा ती अवघी सव्वीस वर्षांची होती. आज माझी मुलगी आहे, तेवढीच.